देवाच्या बोकडाची आंघोळ

आमच्या घरी शेळ्यामेंढ्या होत्या असं सांगितलं की शहरातली माणसं लगेच म्हणतात, "मग काय, रोज मटण!" मला हसू येतं आणि रागही येतो. सोनाराची बायको काय रोज नवी पाटली घालते?

चाळीस-पन्नास जनावरं दारात असून आम्ही वर्षातून पाच-सहा वेळा मटण खायचो, आणि तेही कुणाचं तरी काही असलं तर. दुभत्या शेळीला सुरी लावायची नाही, गाभणीला लावायची नाही, पाट म्हणजे पोरवयाची शेळी तर घरातल्या लेकीसारखीच. माळावर गवत असेल तेवढीच जनावरं ठेवायची, वरचे नर बाजारात न्यायचे. हे शहाणपण आम्हाला कुणी शिबिर घेऊन शिकवलं नाही. सासूबाईंना सही येत नव्हती, पण कोणती शेळी कोणत्या बोकडापासून झाली हे त्या चार पिढ्यांपर्यंत तोंडपाठ सांगायच्या. मी सातवी शिकलेली सून. मला सगळं वहीत लिहावं लागायचं, म्हणून त्या मला हसायच्या.

मात्र मटण कमी खाल्लं जायचं म्हणूनच त्याचा मान मोठा होता. भावकीला बोलावलं आणि ताटात मटण नसलं तर तो सरळसरळ अपमान. त्यातही देवाला बोकड दिला की त्याची मुंडी भावकीतल्या थोरल्या माणसाची. आमच्यात थोरले म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांना सगळे आबा म्हणायचे. उंच, पांढऱ्या मिशांचे, आणि बोलायचे इतकं कमी की त्यांनी नुसतं खाकरलं तरी माणसं गप्प व्हायची. मुंडीचा मान त्यांना बापाकडून आलेला होता, आणि तो त्यांनी कधी सोडला नव्हता.

माझी पहिली दोन बाळंतपणं वाया गेली. तिसऱ्या वेळी पोटात सातवा महिना लागला तेव्हा मी माळावरच्या म्हसोबाला नवस बोलले, "लेकरू जगू दे, पाच वर्षांचं होऊ दे, जावळाला तुला बोकड देईन." मुलगा झाला, जगला, वर्षाचा झाला. आणि त्याच सुमाराला आमच्या सगळ्यात चांगल्या शेळीला एक नर झाला. काळाभोर, कानांवर पांढरे ठिपके. सासूबाई म्हणाल्या, "हा देवाचा."

देवाचा म्हणजे अखंड हवा. त्याचा कान फाटलेला चालत नाही, शिंग मोडलेलं चालत नाही आणि त्याला खच्ची केलेलंही चालत नाही. बाकीचे नर लहानपणीच खच्ची व्हायचे, म्हणजे अंग धरतात आणि बाजारात उठून दिसतात. हा एकटा तसाच राहिला. चार वर्षांत वासराएवढा झाला. घरातली मेंढरं घेऊन माझे मालक आठ-आठ महिने नदीकाठानं चारायला जायचे, त्यामुळे शेळ्या आणि हा बोकड माझ्याच ताब्यात. माझी हाक तो ओळखायचा, दुसऱ्या कुणी हाक मारली की तोंड फिरवायचा. मला त्याचा अभिमान होता, हे कशाला लपवू?

मग ते कोरडं साल आलं. ऐंशीनंतरची गोष्ट. आधीचं वर्ष अर्धं गेलं होतं, हे पुरतं गेलं. माळ पांढरा पडला. बोरीच्या बाजारात जनावरांना गिऱ्हाईक नव्हतं, पण खाटकांचे ट्रक मात्र रांगेनं लागायचे. चारा नाही म्हटल्यावर माणसं आधी काय विकणार? नर. आमच्या गावातले, शेजारच्या चार गावांतले, लहान-मोठे सगळे नर ट्रकमध्ये चढले. शेळ्या लोकांनी कशाबशा बाभळीच्या शेंगांवर जगवल्या. अन् मग माजावर आलेली शेळी घेऊन बायका दारोदार फिरायला लागल्या, तर बोकड कुठंच नाही.

एकच होता. आमच्या दारात. देवाचा म्हणून न विकलेला, देवाचा म्हणून खच्ची न केलेला.

तीन-तीन कोसांवरून शेळ्या यायच्या. अंगणात रांग. मी कुणाला नाही म्हणाले नाही. आणि त्याच चैत्रात माझ्या मुलाला पाचवं सरत होतं. जावळ विषम वर्षीच काढतात. पाचवं चुकलं तर सातवं, आणि सातव्या वर्षापर्यंत वेणी घालून पोरगं शाळेत कसं पाठवायचं? सासूबाईंनी आबांना विचारून दिवसही धरला. बोकड कापायचा म्हणजे पुढच्या साली पाच गावांत करडू नाही, दूध नाही, विकायला नर नाही. लागलेल्या शेळ्या व्यायला पाच महिने, त्यातला एखादा नर हाताशी यायला पुढं वर्ष. तेवढ्यात दुष्काळातून वाचवलेल्या, पण गाभण न राहिलेल्या शेळ्याही भाकड म्हणून ट्रकमध्ये चढल्या असत्या. बियाणं दळून खायचं आणि मग पेरणीला आभाळाकडे बघायचं, त्यातला हा प्रकार. मी हे सासूबाईंना बोलून बघितलं. त्या म्हणाल्या, "देवाच्या तोंडचं काढती का गं? लेकरू त्यानं दिलंय."

हे खरंच होतं. लेकरू त्यानंच दिलं होतं.

त्या दिवसांत मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. पाझर तलावाचं काम होतं. माझ्या शेजारी बौद्धवाड्यातली एक बाई बसायची, माझ्याच वयाची. आम्ही लहान गावात राहून चार वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा आमच्या गावात घर जळलं नाही, पण गाव फाटलं ते फाटलंच. शाळेच्या भिंतीवर दोन्हीकडच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या होत्या, कुठलीच धड वाचता यायची नाही. खडीच्या ढिगावर मात्र हातोडी एकीची मोडली की दुसरीची मागावी लागते. तिथून बोलणं सुरू झालं.

तिला मी बोकडाचं सांगितलं. ती खडी फोडता फोडता म्हणाली, "आमच्या आयांनी मेल्यालं ढोर खायाचं सोडलं, तवा गाव म्हनलं, आता हे उपाशी मरतेल. मेलो का? माणसाचं तोंड बदलतंय बाई. लोकास्नी वेळ लागतो निस्ता."

"पण देवाचं काय?" मी म्हणाले.

"देवाचं मला कामून इचारायलीस? आमी तेबी सोडलं," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. मुकादम ओरडला.

देवाचा मार्ग मला शेवटी शेळ्यांकडूनच सापडला. आमच्यात बोकड देवापुढं उभा करतात, त्याला हळद लावतात आणि पाठीवर तांब्याभर पाणी ओततात. गार पाण्यानं बोकड शहारतो, अंग झाडतो. झाडलं की देवानं घेतला. त्याशिवाय सुरी लावत नाहीत. कधी एका तांब्यात काम होतं, कधी तीन लागतात, पण अंग झाडायचं राहिलेला बोकड कुणी पाहिलेला नव्हता. आणि मला हे माहीत होतं की ज्या जनावराला रोज पाणी पडतं ते शहारायचं थांबतं. आमच्या एका शेळीला खरूज झाली होती, तेव्हा मी तिला पंधरा दिवस औषधाच्या पाण्यानं धुतलं होतं. पहिल्या दिवशी तिनं मला नखशिखांत भिजवलं, शेवटी-शेवटी रवंथ करत उभी राहायची.

जावळाला वीस दिवस होते. कामावरून आले की बोकडाला कोरड्या ओढ्यात न्यायची, हळद लावायची, आणि तांब्यानं पाठीवर पाणी. प्यायला टँकर यायचा, घरटी दोन घागरी. त्यात बोकडाची आंघोळ! मी स्वतःची सोडली. तरी पुरेना. मग खडीच्या ढिगावरची ती बाई म्हणाली, "माझी कळशी देते." कामावरच्या टाकीतून ती रोज एक कळशी भरायची आणि जाताना ओढ्याच्या कडेला, बाभळीखाली ठेवून जायची. का, असं मी विचारलं नाही. तिच्याही दोन शेळ्या होत्या, आणि दोन्ही आमच्या बोकडाच्या गाभण होत्या.

पहिल्या दिवशी बोकडानं असं अंग झाडलं की माझ्या तोंडात हळद गेली. आठव्या दिवशी नुसतं कातडं हललं. पंधराव्या दिवशी काहीच नाही. उन्हात त्याला ते आवडायला लागलं होतं, डोळे मिटून उभा राहायचा. माझी खात्री पटली.

आता जेवणाचं. बोकड वाचला तरी दीडशे माणसं उपाशी उठवायची नव्हती. माझी आई म्हणायची, मटणाची चव निम्मी येसरात असते. येसर म्हणजे ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, त्यात धणे, मिरी, दगडफूल घालून दळलेलं पीठ. मराठवाड्यात लग्नाची आमटी त्याची, आणि मटणाचा रस्साही त्याच्यावरच घट्ट होतो. मी ठरवलं, येसराचा रस्सा मटणाला करतात तसाच करायचा, खोबरं, कांदा चुलीत भाजून, वर बोटभर तर्री, आणि आत पाटवड्या. डाळीचं पीठ लसूण-मिरचीत शिजवून, थापून, मटणाच्या फोडीएवढं कापून, वर तेलात परतलेल्या. मागच्या साली राखून ठेवलेला हरभरा मी भरडून आणला. सासूबाईंनी पिठाचा डबा बघितला आणि विचारलं, "एवढं कशाला?"

"माळकऱ्यांसाठी," मी म्हणाले.

"गावात माळकरी तीन हायेत!"

मी चुलीत फुंकर घालत बसले. मालक दोन दिवस आधी मेंढरं सोडून आले होते. त्यांनी पिठाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. कमी बोलणारा नवरा असण्याचे फायदे आहेत.

जावळाच्या दिवशी म्हसोबापुढं सगळी भावकी जमली. माझा भाऊ मुलाला मांडीवर घेऊन बसला, न्हाव्यानं पहिली बट काढली. बोकड आणला. हळद लावली, हार घातला. आबांनी स्वतः तांब्या उचलला आणि पाणी ओतलं.

बोकडानं डोळे मिटले.

दुसरा तांब्या. तिसरा. कुणी म्हणालं, कानात थेंब सोडा. कानात सोडला. त्यानं कान हलवला, पण अंग झाडलं नाही. पाचवा तांब्या झाला तेव्हा तो रवंथ करायला लागला. मला आतून हसू फुटत होतं. जिंकले, असंच वाटलं मला.

तेवढ्यात सासूबाईंनी ऊर बडवला. "देव घेईना! देव कोपला! लेकरावर काय येतंय आता!"

आणि सगळ्या बायका रडायला लागल्या. कुणी म्हणालं, आईचंच काहीतरी चुकलंय. कुणी म्हणालं, दोन बोकडं बोला. माझा मुलगा अर्धं डोकं भादरलेला, मामाच्या मांडीवरून सगळ्यांची तोंडं बघत होता आणि मग तोही रडायला लागला. वीस दिवस मी बोकडाचा विचार केला, दीडशे ताटांचा केला. देवानं नवस नाकारला तर त्याचा अर्थ माझ्या लेकराच्या डोक्यावर बसणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घरातलीच बाई मी, लहानपणापासून हेच बघत आलेली, आणि एवढी ढळढळीत गोष्ट विसरले. गप्प बसले असते तर बोकड वाचला असता. पण पोराला कधी ताप आला की गाव म्हणालं असतं, देवानं टाकलेलं.

मी पुढं झाले. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "देवानं न्हाई म्हणलं न्हाई. म्या म्हणलं. वीस दिस झाले, याला रोज पाणी घालायलेय. याला सवय झालीय. देवाचा काई राग न्हाई लेकरावर. राग करायचा तर माझा करा."

माझ्या जावेनं तोंडाला पदर लावला.

आबा म्हणाले, "देवापुढं लबाडी केलीस."

"केली. आता खरं बोलायलेय."

"माझी मुंडी गेली."

"व्हय."

"एवढं पाणी कुठून आणलंस?"

"माझ्या वाट्याचं," मी म्हणाले. त्या दिवशी मी एवढंच एक अर्धं सांगितलं. कळशी कुणाची होती ते सांगितलं असतं तर त्या माणसांत, त्या दिवसांत, तिच्या घरापर्यंत काय गेलं असतं ते मला माहीत होतं. ती नंतर मला म्हणाली, "बरं केलंस. पण कवातरी सांग." म्हणून आज लिहितेय. देवाच्या बोकडाच्या अंगावर निम्मं पाणी बौद्धवाड्यातल्या कळशीचं होतं, आणि देवाचं काही बिघडलं नाही.

आबा बोकडाजवळ गेले. मला वाटलं आता सुरी मागणार. मालकांनी दावं हातात घट्ट धरलं होतं, मी बघितलं. आबांनी बोकडाची पाठ चाचपली, कमरेवर अंगठा दाबला, ओठ उचलून दात बघितले. सगळं आयुष्य जनावरांत गेलेलं, हात आपोआपच चालतो. मग ते वळले आणि भावकीला म्हणाले, "कुनाच्या दारात दुसरा बोकड हाय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"आजूबाजूला कुनी बघितलाय?"

तरीही नाही.

"मग येडे हाव का आपन?" आबा म्हणाले. "कानाचं टोक काढा. तीन थेंब देवाला. आजपासून हा देवाचा. याला इकायचं न्हाई, कापायचं न्हाई, अन् कुनाचीबी शेळी आली तर अडवायचं न्हाई. कुनाची म्हंजे कुनाचीबी."

कानाचं टोक काढलं. तीन थेंब दगडावर पडले. बोकडानं तेव्हा मात्र असं अंग झाडलं की आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचे शिंतोडे उडाले, आणि सासूबाई रडता रडता हात जोडून म्हणाल्या, "घेतला, घेतला." तसा तो बोकड वाचला आणि त्याच वेळी माझा राहिला नाही. पुढं त्याच्यावर माझा हक्क फक्त चारायचा आणि पाणी पाजायचा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मान ताठ होती.

जेवणं झाली. दोन घरं न जेवता उठून गेली, आणि त्यांनी पुढं कित्येक वर्षं आमच्या मुलाच्या जावळाला 'पिठाचं जावळ' म्हटलं. म्हणोत बापडे. बाकीचे बसले. पहिल्यांदा चेहरे वाकडेच होते. रस्सा भाकरीवर ओतला, चुरला, पहिला घास गेला, आणि मग माणसं कान लाल होईपर्यंत ओरपत राहिली. माझा भाऊ तर म्हणाला, "ताई, हाडं कुठं टाकली?" तिसरी भाकरी संपल्यावर आबांनी नुसती वाटी पुढं केली. आता पोरं शहरातून सोयाबीनच्या वड्या आणतात, मटणासारख्या लागतात म्हणून कौतुक करतात. मला त्या भिजलेल्या सुतळीसारख्या लागतात. माझा रस्सा मटणासारखा लागावा म्हणून केलेला नव्हता, तो येसराचा होता आणि तसाच लागत होता.

दुसऱ्या दिवशी कामावर डबा भरून नेला. ती बाई खाऊन म्हणाली, "मीठ कमी हाय." होतंच कमी. तिला आदल्या दिवशी पंगतीला बोलवायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि ती गोष्ट मला अजून बोचते. एवढ्या लोकांपुढं खरं बोलणारी मी, पण तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. रस्त्यानं आबा येताना दिसले, आणि त्यांच्या पुढं चार शेळ्या. ते कधी कुणाच्या दारी काही मागायला गेलेले मी पाहिले नव्हते. अंगणाच्या कडेला ते थांबले, पटका काढून काखेत धरला. मी खराटा टाकून पदर घेतला.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता तो देवाचा हाय. तुला इचारायचं काई कारण न्हाई."

त्यांनी पुढच्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

"पर इचारायलोय. सोडती का त्याला?"

मी दावं सोडलं.